कर्नलमध्ये व्हेरिएबल आपोआप बदलतोय, प्रिंट टाकला की बग गायब! (टायमर इंटरप्टचा संशय)

अर्धवट_बिट (धागाकर्ता), रात्री ११:४०

मंडळी, डोकं फुटायची वेळ आलीय म्हणून धागा काढतोय. गेले सात-आठ महिने हौस म्हणून स्वतःचं छोटं कर्नल (ऑपरेटिंग सिस्टिमचा गाभा) लिहितोय, एक्स८६ वर. आधी ३२ बिट होतं, मागच्या महिन्यात ६४ बिटवर नेलं. इंटरप्टचं (हार्डवेअरने प्रोसेसरला हातातलं काम थांबवून बोलावणं) बाळबोध सगळं झालंय: आयडीटी (कुठल्या इंटरप्टला कुठला हँडलर, म्हणजे हाताळणारं फंक्शन, याचा तक्ता) भरलाय, पिकचं (इंटरप्ट कंट्रोलर चिपचं) रीमॅपिंग केलंय, टायमर १०० हर्ट्झवर टिकटिक करतोय, कीबोर्ड चालतोय, ईओआय (इंटरप्ट हाताळून झाला ही खूण) न विसरता पाठवतो (सुरुवातीला विसरलो होतो, एकच की दाबली जायची आणि मग शांतता).

आता प्रॉब्लेम. एक साधं चेकसमचं फंक्शन आहे, बफर घेतं, बाइट्सची बेरीज करतं, परत देतं. दहा ओळी. ते तासा-दोन तासांत एखाद्या वेळी चुकीचं उत्तर देतं. आणि चुकीचं म्हणजे थोडंफार इकडे तिकडे नाही, बहुतेक वेळा थेट शून्य नाहीतर अगदी चिल्लर आकडा. बफर तोच, पुन्हा फंक्शन बोलावलं की बरोबर उत्तर. म्हटलं आत प्रिंट टाकून बघू कुठे घसरतंय, तर प्रिंट टाकल्यावर बग येतच नाही! रात्रभर चालू ठेवलं, एकदाही नाही. प्रिंट काढला की पुन्हा हजर. भूतबाधा आहे का काय कळेना.

३२ बिटमध्ये हेच फंक्शन महिनोन् महिने नीट चाललंय.

---

प्रश्नचिन्ह, रात्री ११:५५

मला यातलं फारसं कळत नाही पण वाचनखूण साठवली. एक बावळट प्रश्न, पिकचं रीमॅपिंग म्हणजे काय आणि ते का करावं लागतं? सगळे ट्युटोरियलवाले करा म्हणतात, का ते कोणी धड सांगत नाही.

---

जुना_खिळा, रात्री १२:१०

@प्रश्नचिन्ह, प्रश्न बावळट नाही. एक्स८६ च्या तक्त्यात २५६ खणं असतात, त्यातली पहिली ३२ प्रोसेसरच्या स्वतःच्या तक्रारींसाठी इंटेलने राखून ठेवलेली, भागाकारात शून्य, पेज फॉल्ट वगैरे. पण १९८१ च्या पीसीत आयबीएमने ती राखीव जागा काही मानली नाही आणि ८२५९ या इंटरप्ट कंट्रोलरच्या आठ लाइनी सरळ ८ ते १५ नंबरवर बसवल्या. ८०८८ वर तेव्हा तिथे भांडायला कोणी नव्हतं म्हणून चालून गेलं. पुढच्या प्रोसेसरांमध्ये ८ नंबरला डबल फॉल्ट येऊन बसला. म्हणजे आज तुम्ही रीमॅप न करता इंटरप्ट चालू केलेत तर टायमरची पहिली टिक डबल फॉल्टच्या दारात जाते. वर गंमत अशी की खरा डबल फॉल्ट स्टॅकवर एरर कोड ठेवतो, टायमर ठेवत नाही. त्यामुळे हँडलर एरर कोड समजून भलतीच गोष्ट पॉप करतो आणि आयरेट (हँडलरमधून परत जायची इन्स्ट्रक्शन) तोंडावर आपटतो. म्हणून त्या लाइनी उचलून ३२ पासून पुढे नेऊन बसवायच्या. एवढंच.

@अर्धवट_बिट, हँडलरमध्ये सगळे रजिस्टर (प्रोसेसरच्या आतले छोटे खण) सेव्ह करतोस का? असेंब्लीचा भाग टाक इथे.

---

सीएलआय_एसटीआय, रात्री १२:२२

+१ रजिस्टर सेव्ह करत नसशील. शंभरातले नव्वद जण तिथेच पडतात. ३२ बिटमध्ये पुशए नावाची एकच इन्स्ट्रक्शन सगळं ढकलायची, ६४ बिटमध्ये ती काढून टाकलीय, एकेक हाताने पुश करावं लागतं आणि आर८ ते आर१५ लोक विसरतात.

---

अर्धवट_बिट, रात्री १२:४०

नाही हो, पंधराच्या पंधरा पुश करतो, उलट्या क्रमाने पॉप करतो, तीनदा मोजले. शेवटी आयरेटक्यू आहे, साधा रेट नाही.

---

रात्रपाळी, रात्री १:०५

मग एसएसई (एका वेळी अनेक आकड्यांवर काम करणाऱ्या इन्स्ट्रक्शन, त्यांचे रजिस्टर एक्सएमएम). तुझा सी मधला हँडलर कंपायलरने एक्सएमएम रजिस्टर वापरून लिहिला असेल, ते तू सेव्ह करत नाहीयेस. जनरल-रेग्ज-ओन्लीचा फ्लॅग लाव.

नाहीतर स्टॅक ओव्हरफ्लो. कर्नल स्टॅक किती दिलायस?

---

अर्धवट_बिट, सकाळी ८:१५

काल रात्री दोन्ही करून झोपलो. एसएसई बंद केलं, स्टॅक ४ केबीचा ६४ केबी केला. सकाळी उठून बघतो तर लॉगमध्ये तीनदा चेकसम शून्य.

मेमरी खराब आहे म्हणाल तर क्यूईएमयूमध्येही (सॉफ्टवेअरमधलं नकली मशीन) येतो आणि खऱ्या मशीनवरही येतो.

एक गोष्ट मात्र सापडली. चेकसमच्या आधी सीएलआय (इंटरप्ट बंद) आणि नंतर एसटीआय (पुन्हा चालू) लावलं तर बग येत नाही. आणि टायमर १०० वरून १००० हर्ट्झ केला तर बग साधारण दहापट वेळा येतो. म्हणजे टायमरच गुन्हेगार आहे, पण टायमरच्या हँडलरमध्ये मी एक काउंटर वाढवतो आणि ईओआय पाठवतो, दुसरं काहीही करत नाही! तो माझ्या फंक्शनच्या व्हेरिएबलला हात कसा लावेल?

---

जुना_खिळा, सकाळी ९:३०

शाब्बास, टायमरचा वेग बदलून बघितलास हे फार चांगलं केलंस, आता अंदाज बांधायची गरज नाही, पुरावा गोळा करू.

एक छोटं फंक्शन लिही. त्याला आर्ग्युमेंट नको. आत पाच लोकल व्हेरिएबल, ६४ बिटचे, व्होलाटाइल, प्रत्येकात ओळखू येईल असा आकडा, ऑप्टिमायझेशन बंद. मग नुसतं गोल गोल फिरत पाचही तपासत राहायचं. एकही बदललेला दिसला की पाचही जसेच्या तसे ग्लोबल अ‍ॅरेत टाकून परत यायचं, आणि प्रिंट बाहेरच्या फंक्शनमध्ये. आत एकही फंक्शन कॉल नको, प्रिंट तर नकोच. हे महत्त्वाचं आहे, का ते नंतर सांगतो.

माझा अंदाज बरोबर असेल तर तास-दोन तास थांबावं लागणार नाही, पहिल्याच टिकला फुटेल.

---

सीएलआय_एसटीआय, सकाळी ९:५०

खिळेकाका सस्पेन्स नका ना ठेवू, ऑफिसचं काम सोडून धागा रिफ्रेश करतोय.

---

ड्रायव्हरवाला, सकाळी १०:२०

तोवर माझंही एक गाऱ्हाणं घुसवतो, विषय इंटरप्टचाच आहे. मी लिनक्समध्ये एका पीसीआय कार्डाचा ड्रायव्हर सांभाळतो. कार्ड सेकंदाला हजार इव्हेंट देतं पण प्रॉकमधल्या इंटरप्ट्सच्या यादीत काउंटर दोन हजाराने वाढतो. हँडलर एकदा काम करतो, लगेच पुन्हा बोलावला जातो आणि दुसऱ्या वेळी स्टेटस रजिस्टर रिकामं. काम बिघडत नाही पण उगाच डबल फेऱ्या. हँडलरच्या शेवटी मी रजिस्टरमध्ये लिहून इंटरप्ट क्लिअर करतो, मग परत जातो. नियमाने सगळं.

---

रात्रपाळी, सकाळी ११:००

"शेवटी" हाच शब्द तुझा घात करतोय. पीसीआयवर राइट ही टपालपेटीत टाकलेल्या पत्रासारखी असते, तू टाकलंस आणि मोकळा झालास, पत्र कार्डापर्यंत पोचलं का नाही ते तुला माहीत नाही, मधल्या ब्रिजच्या बफरमध्ये पडलेलं असू शकतं. तोवर तुझा हँडलर संपला, कर्नलने कंट्रोलरला सांगितलं झालं काम, आणि कार्डाने लाइन अजून धरून ठेवलेलीच आहे. लाइन लेव्हल ट्रिगर असणार, म्हणजे जोवर ती ओढलेली तोवर इंटरप्ट येणार. आला पुन्हा. तू स्टेटस वाचायला गेलास आणि वाचायच्या आधी ती राइट पोचावीच लागते, म्हणून स्टेटस रिकामं दिसतं.

क्लिअर केल्यावर त्याच कार्डाचं एखादं रजिस्टर वाच, कुठलंही. वाचन परत येईपर्यंत सीपीयू थांबतो आणि आधीचं लिखाण पुढे ढकललं गेलेलं असतं. आणि क्लिअर करणं हँडलरच्या सुरुवातीला घे, शेवटी नको. सुरुवातीला क्लिअर केलं आणि मग डेटा उचलला तर मधेच आलेला नवीन इव्हेंट पुन्हा इंटरप्ट देतो. शेवटी क्लिअर केलंस तर डेटा उचलल्यानंतर आणि क्लिअर करण्याआधी आलेला इव्हेंट तूच पुसून टाकतोस आणि तुला पत्ताही लागत नाही.

छोट्या मायक्रोकंट्रोलरवर पण हाच खेळ होतो, एआरएमच्या कॉर्टेक्स-एम वर फ्लॅग अगदी शेवटच्या ओळीत क्लिअर केला की हँडलर पुन्हा एकदा शिरतो, लोक डीएसबी (आधीचं लिखाण पोचेपर्यंत थांबवणारी इन्स्ट्रक्शन) टाकून सोडवतात.

---

ड्रायव्हरवाला, सकाळी ११:४५

एक वाचन वाढवलं. काउंटर हजारावर आला!! दीड वर्ष हे असंच चाललं होतं. चहा माझ्याकडून.

---

अर्धवट_बिट, दुपारी १:१०

खिळेकाका, तुम्ही सांगितलं तसं लिहिलं. खरंच पहिल्याच टिकला फुटलं. पाच व्हेरिएबलमध्ये आता हे आहे:

पहिला: १६
दुसरा: मोठा आकडा, माझ्या स्टॅकच्या पत्त्यासारखा दिसतोय
तिसरा: हेक्समध्ये २४६
चौथा: ८
पाचवा: एक पत्ता, तो त्याच टेस्ट फंक्शनच्या आतला आहे

चार वेळा चालवलं. १६, २४६ आणि ८ दरवेळी तेच. हा कचरा नाहीये, हे कोणीतरी नीट लिहून ठेवलंय.

---

सीएलआय_एसटीआय, दुपारी १:१८

थांबा थांबा थांबा. १६ म्हणजे हेक्स १०. तो तुझ्या जीडीटीतला (सेगमेंटच्या तक्त्यातला) डेटा सेगमेंट. ८ म्हणजे कोड सेगमेंट. अरे ही तर अख्खी इंटरप्ट फ्रेम आहे!!

---

जुना_खिळा, दुपारी २:००

ओळखलंस. वरून खाली वाचा: एसएस (स्टॅक सेगमेंट), आरएसपी (स्टॅक पॉइंटर), आरफ्लॅग्ज, सीएस (कोड सेगमेंट), आरआयपी (चालू इन्स्ट्रक्शनचा पत्ता). इंटरप्ट आला की ६४ बिट प्रोसेसर याच क्रमाने या पाच गोष्टी स्टॅकवर ठेवतो, ४० बाइट. २४६ मधला २०० चा बिट म्हणजे इंटरप्ट चालू असल्याचा फ्लॅग, ४० चा बिट झिरो फ्लॅग, कारण नुकतीच एक तुलना बरोबर निघाली होती. पाचवा पत्ता म्हणजे जिथे काम अर्धवट टाकून गेला ती इन्स्ट्रक्शन. तुझ्या हँडलरने काहीच केलं नाही हे खरं आहे, सही प्रोसेसरने केलीय, हँडलरची पहिली ओळ चालायच्याही आधी.

आता तुझे व्हेरिएबल नेमके तिथेच कसे? एक्स८६-६४ चा सिस्टिम फाइव्ह एबीआय (कंपाइल केलेल्या कोडने पाळायचे नियम) आहे, जो जीसीसी आणि क्लँग लिनक्सवर वापरतात, त्यात रेड झोन नावाची सवलत आहे. आरएसपीच्या खालचे १२८ बाइट कोणीही हात लावणार नाही असं धरून चालायचं. मग जे फंक्शन दुसऱ्या कुठल्याच फंक्शनला बोलावत नाही, लीफ म्हणतात त्याला, ते स्टॅक पॉइंटर हलवतच नाही. लोकल व्हेरिएबल आरएसपीच्या खाली तसेच उघड्यावर ठेवतं. एक वजाबाकी आणि एक बेरीज वाचली. तुझं चेकसम लीफ आहे. आत प्रिंट टाकलास की ते लीफ राहत नाही, कंपायलर निमूटपणे आरएसपी खाली सरकवतो आणि व्हेरिएबल सुरक्षित होतात. भूत तिथे होतं.

आणि कर्नल मोडमध्ये असताना इंटरप्ट आला तर प्रोसेसर स्टॅक बदलत नाही (आयएसटी, म्हणजे ठरावीक इंटरप्टसाठी नेमून दिलेला वेगळा स्टॅक, लावला नसेल तर), आहे त्याच आरएसपीच्या खाली फ्रेम ठेवतो. त्याला एबीआय माहीत नाही. १२८ बाइटचा करार कंपायलर आणि ऑपरेटिंग सिस्टिम यांच्यातला आहे, हार्डवेअरने त्यावर सही केलेली नाही. आणि इथे ऑपरेटिंग सिस्टिम तूच आहेस.

नो-रेड-झोन फ्लॅग लावून कर्नल पुन्हा कंपाइल कर. लिनक्सही स्वतःचं कर्नल तसंच बांधतं.

---

अर्धवट_बिट, दुपारी २:२०

🤯

मग चेकसम शून्यच का यायचा?

---

जुना_खिळा, दुपारी २:३५

बेरजेचा व्हेरिएबल तुझा ३२ बिटचा आहे ना? तो एसएसच्या आठ बाइटच्या वरच्या अर्ध्यात बसलाय. सिलेक्टर (एसएस-सीएसमधला सेगमेंटचा आकडा) १६ बिटचा, वर सगळी शून्यं. बफरची लांबी तशीच सीएसच्या वरच्या अर्ध्यात पडली असेल, ती शून्य झाली की लूपला वाटतं संपलं काम. ऑब्जडंप (बायनरीतलं असेंब्ली दाखवणारं टूल) काढून ऑफसेट बघ, जुळतील.

---

प्रश्नचिन्ह, दुपारी ३:०५

मग नेहमीच्या प्रोग्रॅममध्ये असं का होत नाही? तिथेही इंटरप्ट येतातच की, आणि तिथे तर तो फ्लॅग कोणी लावत नाही.

---

रात्रपाळी, दुपारी ३:३०

कारण यूजर मोडमधून कर्नल मोडमध्ये येताना प्रोसेसर स्टॅकच बदलतो. टीएसएस नावाच्या प्रोसेसरच्या तक्त्यात कर्नल स्टॅकचा पत्ता लिहिलेला असतो, फ्रेम तिथे पडते, यूजरच्या स्टॅकला धक्का नाही. यूजर स्टॅकवर कर्नल स्वतःहून लिहितं ते सिग्नल द्यायच्या वेळी, आणि तेव्हा लिनक्स आठवणीने १२८ बाइट सोडून खाली लिहितं.

---

अनामिक_ट्रॅप, दुपारी ३:५०

मी दोन वर्षं ६४ बिट कर्नल लिहितोय, हा फ्लॅग कधीच लावला नाही, काही झालं नाही. उगाच बाऊ करताय.

---

सीएलआय_एसटीआय, दुपारी ३:५८

तू यूईएफआय (पीसीचं फर्मवेअर) टार्गेटने बांधतोस ना? ते विंडोजचं कॉलिंग कन्व्हेन्शन, त्यात रेड झोनच नसतो. तुझं नशीब, हुशारी नव्हे. (हलके घ्या)

---

अनामिक_ट्रॅप, दुपारी ४:१०

हो यूईएफआय टार्गेटच आहे. शब्द मागे घेतो 😅 पण सगळे इंटरप्ट आयएसटीवर टाकले तरी हा प्रश्न सुटतोच की, वेगळा स्टॅक, फ्लॅगची कटकट नाही.

---

जुना_खिळा, दुपारी ४:४०

सुटतो, आणि दुसरा उभा राहतो. आयएसटीचा स्टॅक दरवेळी वरूनच सुरू होतो. म्हणजे त्याच आयएसटीवरचा एक इंटरप्ट चालू असताना दुसरा आला तर पहिल्याच्याच फ्रेमवर लिहिणार. डबल फॉल्ट, एनएमआय (सीएलआयने बंद न होणारा इंटरप्ट) असल्या आणीबाणीच्या गोष्टींसाठी तो ठेवावा. रोजच्या टायमर-कीबोर्डला नको.

बाकी, आता विषय निघालाच आहे तर @अर्धवट_बिट, तू चेकसमभोवती सीएलआय-एसटीआय लावलेस म्हणालास. कर्नलमध्ये सगळीकडे असंच करतोस का? सुरुवातीला सीएलआय, शेवटी बिनधास्त एसटीआय?

---

अर्धवट_बिट, दुपारी ४:५५

हो. चुकतंय का?

---

जुना_खिळा, संध्याकाळी ५:२०

आज नाही चुकत, ज्या दिवशी अशा एका फंक्शनमधून तसंच दुसरं फंक्शन बोलावशील त्या दिवशी चुकेल. आतल्याने शेवटी एसटीआय केलं की बाहेरच्याचं दार उघडं पडलं, आणि बाहेरचा समजतोय की आपण अजून कडी लावून बसलोय. म्हणून आधीचे फ्लॅग जपून ठेवायचे, मग बंद करायचं, आणि शेवटी चालू करायचं नाही, होतं तसं ठेवायचं. लिनक्सच्या स्पिन लॉकच्या (मोकळा होईपर्यंत गोल फिरत वाट बघायचं कुलूप) नावामागे आयआरक्यू-सेव्ह आणि आयआरक्यू-रिस्टोअर अशी शेपटं असतात ती यासाठीच.

---

ड्रायव्हरवाला, संध्याकाळी ६:०५

या शेपटांनी मला एकदा चांगलंच रडवलंय. एक लिस्ट होती, साध्या कोडमधून पण वापरायची आणि हँडलरमधून पण. मी दोन्हीकडे साधा स्पिन लॉक घेतला, कारण टेस्टिंगला चालत होतं. मग एके दिवशी साध्या कोडने लॉक धरला, त्याच सीपीयूवर त्याच क्षणी इंटरप्ट आला, हँडलर तोच लॉक मागत गोल गोल फिरत बसला. लॉक सोडणारा कोण? ज्याला हँडलरने थांबवून ठेवलंय तोच. हँडलर संपल्याशिवाय तो हलणार नाही आणि तो हलल्याशिवाय हँडलर संपणार नाही. मशीन ठप्प. इंटरप्ट दुसऱ्या सीपीयूवर आला असता तर क्षणभर थांबून सुटला असता, म्हणून टेस्टिंगच्या आठ कोअरच्या मशीनवर क्वचितच दिसायचा. नंतर लॉकडेप (लॉकच्या चुका पकडणारं लिनक्सचं साधन) चालू करून बूट केलं तर हँग न होताच त्याने आरोपपत्र छापून दिलं, की हा लॉक इंटरप्ट चालू असताना पण घेतलाय आणि इंटरप्टच्या आत पण घेतलाय. आधीच चालू केलं असतं तर तीन आठवडे वाचले असते.

---

प्रश्नचिन्ह, संध्याकाळी ६:३०

हँडलरमध्ये झोपायचं नाही, मेमरी मागताना थांबायचं नाही, असले नियम वाचले होते, नुसते पाठ करायचो. आता कळतंय की हँडलर हा कुणाच्या तरी दोन इन्स्ट्रक्शनच्या मधे घुसलेला असतो, तो झोपला तर ज्याचं काम अडवलंय तो बिचारा पण अडकला. बरोबर ना?

---

रात्रपाळी, संध्याकाळी ७:१०

अगदी बरोबर. स्केड्युलर ज्याला झोपवतो आणि उठवतो तो टास्क असतो, हँडलर कुणाचाच टास्क नाही, तो आयत्या बिळावरचा नागोबा. झोपला तर उठवायचं कुणाला? लिनक्स अशा वेळी लॉगमध्ये "स्केड्युलिंग व्हाइल अ‍ॅटॉमिक" असं ओरडतं.

म्हणून काम दोन तुकड्यांत. हँडलरमध्ये एवढंच की कार्डाला गप्प कर, जे हरवू शकतं ते उचल, बाकीचं नंतरसाठी चिठ्ठी लिहून ठेव. नंतरसाठी सॉफ्टआयआरक्यू आहे, वर्कक्यू आहे, आणि २००९ च्या २.६.३० पासून थ्रेडेड हँडलर (हँडलरचं काम स्वतंत्र टास्कमध्ये). माझं मत विचाराल तर नवीन ड्रायव्हर लिहिणाऱ्याने डोळे झाकून थ्रेडेड घ्यावा, त्यात झोपता येतं, म्यूटेक्स घेता येतो, प्रायॉरिटी देता येते. आय-टू-सी (एक हळू सिरीयल बस) वरचा सेन्सर असेल तर दुसरा पर्यायच नाही, कारण त्याचं स्टेटस वाचायलाच झोपावं लागतं. फक्त वनशॉट फ्लॅग (थ्रेडचं काम होईपर्यंत लाइन बंद ठेवणारा) विसरू नका, नाहीतर लेव्हलवाली लाइन थ्रेड उठायच्या आधीच हजार वेळा दार वाजवेल.

पीआरईएमपीटी-आरटी म्हणतात तो हाच विचार टोकाला नेलेला, जवळजवळ सगळे हँडलर थ्रेड होतात. वीस वर्षं बाहेर पॅच म्हणून फिरत होता, २०२४ मध्ये ६.१२ ला मुख्य कर्नलमध्ये आला.

---

सीएलआय_एसटीआय, रात्री ८:००

डोळे झाकून नको हां. नेटवर्क कार्डाला थ्रेड उठवत बसलास तर मेलास. १ गिगाबिटच्या लाइनवर सगळ्यात छोटी पाकिटं आली तर सेकंदाला १४ लाख ८८ हजार. म्हणजे एका पाकिटाला ६७२ नॅनोसेकंद. प्रत्येकाला इंटरप्ट दिला तर सीपीयू फक्त दार उघडत बसेल, आत आलेल्या पाहुण्यांना पाणी विचारायला कोणी नाही. पाकिटं रांगेत भरतात, रांग भरली की फेकली जातात, आणि सीपीयू मात्र १०० टक्के कामात. मोगुल आणि रामकृष्णन यांनी १९९६ मध्ये यावर पेपर लिहिला, रिसीव्ह लाइव्हलॉक म्हणतात याला.

त्यावरचा उपाय लिनक्समध्ये नॅपी. पहिला इंटरप्ट आला की त्या रांगेचे इंटरप्ट बंद करायचे आणि स्वतः जाऊन रांग बघायची, एका फेरीत साधारण ६४ पाकिटं. ६४ च्या आत रांग संपली तर इंटरप्ट पुन्हा चालू, नाही संपली तर अजून फेरी. गर्दी नसेल तेव्हा इंटरप्ट, गर्दी असेल तेव्हा पोलिंग. कॉलेजात आम्हाला इंटरप्ट चांगला आणि पोलिंग वाईट असं शिकवलं होतं, ते काही खरं नाही.

---

रात्रपाळी, रात्री ८:१२

मान्य, नेटवर्कला थ्रेड नको. "डोळे झाकून" मागे घेतो, एक डोळा उघडा ठेवा 😀

---

अनामिक_ट्रॅप, रात्री ८:३०

अवांतर: अपोलो ११ चंद्रावर उतरताना यानाच्या संगणकाचा १२०२ अलार्म आला तो पण इंटरप्टच्या महापुरामुळेच ना?

---

जुना_खिळा, रात्री ९:००

असं बऱ्याच ठिकाणी लिहिलेलं असतं, पण नेमकं इंटरप्ट नव्हते ते. रडारच्या बाजूने काउंटर वाढवायच्या सूचना सतत येत होत्या आणि त्या संगणकात तसा काउंटर वाढवायला प्रोसेसरचा एकेक मेमरी सायकल चोरला जायचा, हँडलर वगैरे काही चालत नव्हता. चोरी छोटी पण अखंड, जवळजवळ १५ टक्के वेळ त्यात गेला. त्रास सारखाच, यंत्रणा वेगळी.

अवांतरात भर: १९५० च्या दशकाच्या शेवटी संगणकशास्त्रज्ञ डाइक्स्ट्राने एक्स१ नावाच्या मशीनसाठी इंटरप्टचा प्रोग्रॅम लिहिला, त्याचा प्रबंधच त्या विषयावर आहे, १९५९ चा. त्याला धास्ती याचीच होती की इंटरप्ट कुठल्या क्षणी येईल सांगता येत नाही, म्हणजे झालेली चूक पुन्हा घडवून दाखवता येणार नाही. साठ-पासष्ट वर्षांनी आपला अर्धवट_बिट प्रिंट टाकून तेच बघत बसला होता.

---

ड्रायव्हरवाला, रात्री ९:४०

अजून एक, कोणाला "नोबडी केअर्ड" चा मेसेज आलाय का कधी? सहकाऱ्याच्या मशीनवर आला आणि त्यानंतर माझं कार्ड बंदच पडलं, चूक माझ्या ड्रायव्हरची नसताना.

---

रात्रपाळी, रात्री १०:००

लाइन शेअर असेल. एका लाइनवर दोघे-तिघे, दुसरं कुठलं तरी डिव्हाइस ओरडतंय आणि त्याचा ड्रायव्हर लोडच नाही. कर्नल त्या लाइनवरच्या प्रत्येकाला विचारतं तुझं का, सगळे म्हणतात माझं नाही, लाइन तशीच ओढलेली, पुन्हा इंटरप्ट. एक लाखातले ९९,९०० च्या वर बेवारस निघाले की कर्नल कंटाळून ती लाइनच बंद करतं. सुक्याबरोबर ओलंही जळतं, तसं तुझं कार्ड गेलं.

कार्डाला एमएसआय येत असेल तर ते वापर. त्यात लाइनच नसते, कार्ड ठरलेल्या पत्त्यावर एक मेमरी राइट करतं आणि तोच इंटरप्ट. शेजाऱ्याशी वाटणी नाही. शिवाय ती राइट कार्डाने आधी पाठवलेल्या डेटाच्या मागून त्याच रस्त्याने येते, म्हणून डेटा मेमरीत पोचायच्या आधी इंटरप्ट पोचला असं होत नाही.

---

अर्धवट_बिट, दुसऱ्या दिवशी सकाळी ७:५०

झालं ते सांगतो. काल फ्लॅग लावला, टेस्ट फंक्शन दोन तास चाललं, पाचही व्हेरिएबल जागच्या जागी. आनंदाने झोपलो. पहाटे उठून लॉग बघितला तर एका जागी पुन्हा १६!!

चेकसममध्ये नाही, स्ट्रिंगची लांबी मोजणाऱ्या फंक्शनमध्ये. तिन्हीत्रिकाळ बरोबर चालणारं फंक्शन, "आयडल" या शब्दाची लांबी १६ म्हणे.

---

सीएलआय_एसटीआय, सकाळी ८:२०

ते फंक्शन कुठल्या फोल्डरमध्ये आहे आणि त्या फोल्डरची मेकफाइल (कंपाइल करायच्या सूचनांची फाइल) कोणती?

---

अर्धवट_बिट, सकाळी ८:४५

...लिब फोल्डरमध्ये. त्याची मेकफाइल वेगळी आहे. त्यात फ्लॅग नाहीये. स्वतःच्याच हाताने लिहिलेली आहे, दुसऱ्याला शिव्या पण देता येत नाहीत.

---

जुना_खिळा, सकाळी ९:१०

लिबजीसीसी (जीसीसीची मदतनीस लायब्ररी) लिंक करतोस का? करत असशील तर तीसुद्धा रेड झोन धरून बांधलेली असणार, ती वेगळी बांधून घे. आणि मग सगळ्या बायनरीचा ऑब्जडंप काढून एकदा शोध मार, आरएसपीच्या खाली ऋण ऑफसेटने लिहिणारं अजून कोणी उरलंय का ते. आरबीपीमधून (फंक्शनच्या स्टॅकचा बूड धरणारा रजिस्टर) लिहिणारे पण बघ, ऑप्टिमायझेशन बंद असेल तर लीफ फंक्शन तसंच लिहितं, तिथे खूण अशी की सुरुवातीला आरएसपीतून वजाबाकी दिसत नाही.

---

अर्धवट_बिट, रात्री ११:१५

लिबजीसीसीत एक भागाकाराचं फंक्शन सापडलं. सगळं एका मेकफाइलखाली आणलं, लिबजीसीसी पुन्हा बांधली, शोधात आता एकही नाही. टायमर मुद्दाम ५००० हर्ट्झवर ठेवून सकाळपासून चालू आहे, १६ कुठेही नाही. सीएलआय-एसटीआयच्या सगळ्या जोड्या काढून फ्लॅग जपणारी दोन फंक्शनं लिहिली, काका म्हणाले तसा एक घोळ खरंच होता, कीबोर्डच्या बफरमध्ये.

तो काढल्यापासून मात्र कधीमधी एक अक्षर दोनदा येतंय. आज नाही बघत. उद्या वेगळा धागा काढतो.